माठ, घाम आणि मेघ

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाला मी 'माठ, घाम आणि मेघ' असे नाव दिले आहे. कानाला बरी लागतात म्हणून ही तीन नावे एका माळेत ओवली असावीत, असे एखाद्यास वाटेल. माठ कुंभाराच्या घरचा, घाम शरीराचा आणि मेघ आकाशाचा. यांचे परस्परांशी नाते ते काय? शाळेच्या पुस्तकांत तर या तिघांची गाठ कधी पडतही नाही. माठातील गार पाणी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात, घाम शरीरशास्त्राच्या पुस्तकात आणि मेघ भूगोलाच्या पुस्तकात, अशी त्यांची वाटणी झालेली असते. परंतु विषयांचे तास ही शाळेची सोय आहे. निसर्गाला ती ठाऊक नाही. त्याचा एकच नियम या तिन्ही ठिकाणी राबत असतो. हा नियम नीट उमगला तर परीक्षेत चार गुण अधिक मिळतील, हा त्याचा लाभ अगदीच किरकोळ आहे. उन्हाळ्यात कोणत्या दिवशी जिवाला अधिक जपावे आणि कोणी उन्हाने कोसळला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे, हे त्या नियमावरून कळते. आणि म्हणूनच आज तो आपणांपुढे मांडावा असे मी ठरविले.

प्रारंभ स्वयंपाकघरापासून करू. चुलीवर एका पातेल्यात एक लिटर पाणी ठेवले आणि खाली सारखा जाळ लावला, तर काही मिनिटांत पाण्याला उकळी फुटते. परंतु ते सारे पाणी आटून पातेले कोरडे पडावयास किती वेळ लागतो? उकळी येण्यास लागलेल्या वेळाच्या कितीतरी पट. गंमत अशी की, या सर्व वेळात पाण्यात तापमापक धरून ठेवला तरी पारा तसूभरही पुढे सरकत नाही. समुद्रसपाटीच्या ठिकाणी तो १०० अंशांवर जो थांबतो, तो थांबतोच. जाळ तर अखंड चालू आहे. मग ही उष्णता जाते कोठे?

हा प्रश्न स्कॉटलंडातील ग्लासगो विद्यापीठातले अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी इ. स. १७६०च्या सुमारास स्वतःस विचारला आणि प्रयोगांनी त्याचे उत्तरही मिळविले. पाण्याची वाफ होताना पाणी फार मोठी उष्णता गिळते. ती तापमापकाला दिसत नाही, कारण ती पाणी तापविण्यात खर्च न होता पाण्याचे कण एकमेकांपासून सोडविण्यात खर्च होते. ब्लॅक यांनी तिला 'गुप्त उष्णता' म्हटले. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत तिला 'अप्रकट उष्मा' असे म्हणतात. तिचे मान ऐकण्यासारखे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणू. मग २५ अंशांचे लिटरभर पाणी उकळीपर्यंत न्यावयास ७५ किलोकॅलरी पुरतात. परंतु त्या उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करावयास सुमारे ५४० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. म्हणजे सातपटींहून अधिक! आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की गिळलेली ती सारी उष्णता वाफ जशीच्या तशी परत करते. उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाफेचा चटका अधिक जहाल असतो, तो याच कारणाने. निसर्गाच्या जमाखर्चात ही रक्कम बुडत नाही. ती केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याची वाफ होण्यास उकळी लागतेच असे नाही. दोरीवर वाळत घातलेले धोतर उकळल्यावाचूनच वाळते. पाण्याचे कण नेहमी धावपळीत असतात. काही चपळ, काही मंद. त्यांतील अतिशय चपळ कण पृष्ठभागावरून निसटून हवेत जातात. आता वर्गातील सर्वांत उंच मुले बाहेर निघून गेली तर उरलेल्या वर्गाची सरासरी उंची आपोआप कमी होते, होय ना? त्याचप्रमाणे चपळ कण निघून गेले की मागे उरलेल्या कणांचा सरासरी वेग घटतो. आणि कणांचा सरासरी वेग घटणे म्हणजेच पाणी थंड होणे. पाणी जेथे जेथे हवेत उडून जाते, तेथे तेथे ते मागे गारवा ठेवून जाते. आजच्या भाषणाचा नियम तो हाच.

आपला माठ या नियमाचा जुना सेवक आहे. भाजलेल्या मातीच्या अंगाला असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेरच्या बाजूस ओल धरते आणि उडून जाते; जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. नेहमीच्या तापमानास एक लिटर पाणी असे उडून गेले तर ते ५८० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता नेते. या हिशेबाने दहा लिटरांच्या माठातून केवळ अर्धा पेला, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी उडाले, तरी आतले सर्व पाणी सुमारे सहा अंशांनी उतरावयास हरकत नाही. बाहेरून उष्णता आत येत असते म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक पाणी खर्ची पडते, इतकेच. तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्याला छिद्रे नाहीत म्हणून त्यातले पाणी असे गार होत नाही. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजतात. म्हणून त्याची गोडी दोन-तीन उन्हाळ्यांनी कमी होते आणि घरातील वडील माणसे 'नवा माठ आणा' म्हणून मागे लागतात. माठ सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाशी ठेवावा, ही त्यांची शिकवणही शास्त्राला धरूनच आहे.

परंतु या सेवकाचा एक स्वभाव आहे. नागपुरास वैशाखात तो पाणी बर्फासारखे करतो आणि तोच माठ रत्नागिरीस नेला की पाणी जेमतेम कोमट होऊ देत नाही, एवढाच त्याचा उपकार! कुंभार तोच, माती तीच. मग बदलले काय? बदलली ती हवा. हवेची बाष्प सामावून घेण्याची शक्ती मर्यादित आहे, आणि ती तापमानाप्रमाणे वाढते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम, आणि ४० अंशांच्या हवेत ५१ ग्रॅम. या मर्यादेपैकी किती हिस्सा भरला आहे, ते आपण टक्क्यांत सांगतो. हवामानवृत्तात ज्याला 'सापेक्ष आर्द्रता' म्हणतात ती हीच. हवा जितकी रिकामी, तितकी तिची तहान मोठी. विदर्भातील उन्हाळी हवा तहानलेली असते. कोकणातील हवा समुद्राचे पाणी पिऊन आधीच तृप्त झालेली असते. तृप्त पाहुण्याला कितीही आग्रह केला तरी तो आणखी काय खाणार?

हवेची ही तहान मोजण्याचे साधन फार सोपे आहे आणि कोणत्याही शाळेत ते तयार करता येईल. हवेचे तापमान मोजण्याचे दोन सारखे तापमापक घ्यावे. ताप पाहण्याचे नव्हेत, ते या कामास चालत नाहीत. एकाच्या फुग्यास मलमलीची पातळ चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोघांवर वारा घालावा. कोरडा तापमापक हवेचे तापमान सांगेल. ओला त्याहून खाली उतरेल. ओल्या तापमापकाचे हे मान म्हणजे त्या दिवशी निव्वळ पाणी उडवून एखादी वस्तू जास्तीत जास्त किती गार करता येईल, याची सीमा होय. कोरडे ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ अंशांवर थांबतो. कोरडे ३६ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो ३१ अंशांवर थांबतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावे. कोरड्या पाऱ्याने पाहिले तर पहिला दिवस नऊ अंशांनी अधिक कडक. ओल्या पाऱ्याने पाहिले तर दुसरा दिवस सात अंशांनी अधिक कडक. आता यांपैकी कोणत्या पाऱ्याचे ऐकावे?

या प्रश्नाचे उत्तर माठात नाही, आपल्या शरीरात आहे. आपले शरीर ही न विझणारी शेगडी आहे. खाल्लेले अन्न शरीरात मंदपणे जळते आणि स्वस्थ बसलेला मनुष्यसुद्धा ताशी ७०-८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. साठ किलो वजनाच्या माणसाचे अंग एक अंशाने तापविण्यास सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर काही न करता बसलेल्या माणसाचे अंग तासाला दीड अंश तापेल आणि ३७ अंशांवरून दोन तासांत ४० अंशांवर जाईल. शेतात नांगर धरणारा, डोक्यावरून विटा वाहणारा किंवा भट्टीपाशी उभा राहणारा मजूर तर तासाला तीनशे किलोकॅलरी आणि त्याहूनही अधिक उष्णता उत्पन्न करतो, कारण स्नायूंना मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो आणि उरलेल्याची उष्णता होते.

ही उष्णता घालविण्याची व्यवस्था मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाकडे आहे. रक्त तापले असे दिसताच तो दोन हुकूम सोडतो. पहिला हुकूम रक्तवाहिन्यांना: त्वचेखालच्या वाहिन्या रुंद करा आणि आतली उष्णता पृष्ठभागावर आणा. दुसरा हुकूम स्वेदग्रंथींना: त्वचेवर पाणी सोडा. या ग्रंथी माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख असतात. हवा थंड असेल तर पहिल्या हुकमानेच काम भागते. परंतु हवाच अंगाइतकी तापली, की त्वचेवर आणलेली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेचीच उष्णता अंगात शिरू लागते. मग एकच वाट उरते, ती घामाची. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. म्हशीला गाईपेक्षा घाम कमी येतो म्हणून ती डबक्यात बसते. मनुष्य मात्र स्वतःच एक चालताबोलता माठ आहे.

माठ म्हटला की माठाचे सारे गुणदोष आले. घाम *आल्याने* अंग थंड होत नाही. घाम *वाळल्याने* थंड होते. अंगावरून टपकून जमिनीवर पडलेला किंवा सदऱ्यात मुरलेला घाम शरीराचे पाणी व मीठ घेऊन जातो, परंतु उष्णता नेत नाही. तो खर्च आहे, त्याचे फळ नाही.

या बाबतीत एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १७७४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस यांनी तापविलेल्या एका खोलीत चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी शिरले. खोलीतील कोरड्या हवेचे तापमान पुढे पुढे १२० अंशांच्याही वर नेले होते. त्याच हवेत ठेवलेली अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा भाजून निघाला. परंतु काही मिनिटे आत राहून माणसे मात्र सुखरूप बाहेर आली. ज्या हवेत मांस भाजते त्या हवेत जिवंत मनुष्य भाजत नाही, ही किमया कोरड्या हवेत झरझर वाळणाऱ्या घामाची! तीच खोली त्या तापमानाच्या वाफेने भरलेली असती, तर वाफेने त्वचेवर पाणी होऊन आपली गुप्त उष्णता अंगात ओतली असती आणि ही हकीकत सांगावयास कोणी उरले नसते.

आपल्या भाषेने हा भेद केव्हाच हेरला आहे. विदर्भात, मराठवाड्यात ऊन 'भाजते'. मुंबईत आणि कोकणात 'उकडते'. भाजणे हा कोरड्या विस्तवाचा शब्द आहे. उकडणे हा पाण्याचा आणि वाफेचा. दोहोंत धोका आहे, परंतु धोक्याची जात निराळी आहे. भाजणाऱ्या उन्हात घाम इतक्या वेगाने वाळतो की तो आला हेही समजत नाही. तेथे भीती शरीरातील पाणी संपण्याची. माठ गार आहे म्हणून नागपूरकराने निर्धास्त राहू नये. पाण्यावाचून माठ फार वेळ गार राहत नाही, माणूसही नाही. उलट उकाड्यात पाण्याने अंग निथळत असते, तरी ते थंड होत नाही. घागरभर पाणी प्यायले तरी हवा जर घाम स्वीकारीतच नसेल, तर करावे काय?

२०१० साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ओला तापमापक ३५ अंशांवर स्थिर राहिला, तर सावलीत, वाऱ्यात, अंगावर पाणी ओतून बसलेला निरोगी मनुष्यही काही तासांहून अधिक जगणार नाही. कारण माणसाची त्वचा सुमारे ३५ अंशांवर असते आणि मग उष्णतेला बाहेर जाण्यास उतारच उरत नाही. पुढे २०२२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दमट हवेत हलकी कामे करणाऱ्या तरुण व निरोगी माणसांचे शरीरसुद्धा ओला तापमापक ३१ अंशांच्या आसपास पोहोचताच तापू लागते, असे त्यांत आढळले. वृद्धांची, हृदयविकाराच्या रोग्यांची सीमा त्याहून खाली असणार, हे उघडच आहे. कारण त्वचेकडे रक्त लोटण्याचे सारे ओझे हृदयावरच पडते. मघाशी सांगितलेला ३६ अंशांचा दमट दिवस आता आपणांस निराळा दिसू लागला असेल. वृत्तपत्रात तो 'पारा ३६ अंशांवर' एवढ्यानेच संपतो.

भारतीय हवामान विभागही हा भेद जाणतो. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट म्हणावयास पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, परंतु किनाऱ्यावर ३७ अंशांची रेषा धरली जाते. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानात एक मोठा समारंभ झाला. लाखो माणसे तासन् तास उन्हात बसली होती. विदर्भाच्या मानाने त्या दिवशीचा पारा काही विलक्षण नव्हता. तरी उष्माघाताने दहांहून अधिक माणसे दगावली. डोक्यावर ऊन, किनाऱ्याची दमट हवा आणि दाटीमुळे अडलेला वारा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मानवी माठ असा निकामी होतो.

आता मेघाकडे वळू. ज्या बाष्पाने कोकणात आपला घाम अडवून धरला, तेच बाष्प पुढे आपले पोशिंदे होते. सूर्याची उष्णता घेऊन अरबी समुद्राचे आणि हिंदी महासागराचे पाणी अहोरात्र हवेत उडत असते. माठाच्या पृष्ठभागावर जे घडते तेच येथे कोट्यवधी पटींनी घडते: समुद्र आपली उष्णता बाष्पाच्या हवाली करतो. नैर्ऋत्येचे वारे ते बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीवर चढू लागतात. वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. प्रारंभी दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून त्याचे जलकण होतात, तोच मेघ. मेघ झाला की गुप्त उष्णता प्रकट होते, हवा पुन्हा किंचित तापते, हलकी होते आणि आणखी वर चढते. पावसाळी मेघ आभाळात किल्ल्यासारखे उंच उभे राहतात, ते या उष्णतेच्या बळावर. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कारण घाटमाथा ओलांडलेली हवा बरेचसे पाणी टाकून आलेली असते आणि पुढे खाली उतरताना पुन्हा तापते.

ही उष्णता किती, याचा एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक एकर जमिनीवर केवळ एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर ते सुमारे चाळीस हजार लिटर पाणी झाले. एवढ्या बाष्पाचे पाणी होताना आभाळात जी उष्णता मोकळी झाली, ती चांगल्या प्रतीचा चार टन कोळसा जाळण्याइतकी आहे. एका एकरावरील एका लहानशा सरीची ही गोष्ट! मग सबंध कोकणपट्टीवरच्या एका दिवसाच्या पावसामागे केवढी भट्टी पेटलेली असेल, याची कल्पना करावी. चक्रीवादळ हे याच भट्टीचे उग्र रूप होय. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळून नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त करणारे 'निसर्ग' वादळ उबदार समुद्राच्या बाष्पावरच पोसले होते. आणि जमिनीवर आल्यावर ते क्षीण झाले, कारण तेथे त्याचे अन्नपाणी तुटले.

येथे एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोळसा आणि तेल जाळण्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकातील मानापेक्षा एक अंशाहून अधिक वाढले आहे. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावू लागते. त्या अधिक बाष्पाचा अर्थ दुहेरी आहे. पडतो तेव्हा पाऊस अधिक धो धो पडण्याचा संभव वाढतो. आणि पडत नाही तेव्हा उकाडा अधिक जीवघेणा होतो. मेघाचा आणि घामाचा संबंध असा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

तेव्हा आपण करावे काय? पहिली गोष्ट, पाऱ्याबरोबर आर्द्रतेचा आकडाही पाहावा. तो मिळत नसेल तर घरातील माठास विचारावे. नवा, चांगला झिरपणारा माठ सावलीत वाऱ्यावर ठेवूनही ज्या दिवशी पाणी गार करीत नाही, त्या दिवशी आपला घामही आपल्याला गार करणार नाही, असे खुशाल समजावे. अशा दिवशी जड कामे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावी, अंगावर सैल व सुती कपडे असावे, आणि वारा सोडू नये. कारण वारा अंगाजवळची तृप्त हवा हटवून तिच्या जागी नवी हवा आणतो. हवा कोरडी असेल तेथे ओला पंचा डोक्यावर आणि खांद्यावर घेणे यासारखा स्वस्त उपाय नाही. वाळ्याचे ताटे किंवा पाण्याचा कूलर नागपुरास अमृतासमान आणि मुंबईत निरुपयोगी का, हे आता निराळे सांगावयास नको. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घेत राहावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. कांदा खिशात ठेवण्याऐवजी भाकरीबरोबर खावा आणि खिशाऐवजी हातात पाण्याची बाटली असावी.

दुसरी गोष्ट मजूर लावणाऱ्यांसाठी. उन्हात काम करण्याची सवय शरीरास एका दिवसात लागत नाही. तिला आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणून नव्या माणसास पहिल्या दिवसापासून पुऱ्या कामास जुंपणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उन्हातून आलेला किंवा उकाड्यात काम करणारा मनुष्य असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला किंवा त्यास झटके येऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबलेला असेलच, असे नाही. श्रम करणाऱ्याचे अंग घामाने भिजलेले असूनही त्याला उष्माघात होतो. हा ताप नव्हे. तापात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वर चढवितो आणि तापाची गोळी त्या हुकमास आवर घालते. उष्माघातात मेंदूचा तसा हुकूम नसतो, उष्णता बाहेर जाण्याची वाटच बंद झालेली असते. म्हणून तापाची गोळी येथे कामाची नाही, उलट ती अपाय करू शकते. अशा माणसास ताबडतोब सावलीत न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. त्याचे जादा कपडे काढावे, अंगावर सतत पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास मानेशी, काखेत आणि जांघेत ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याच्या शरीराला जे स्वतः करता येत नाही, ते त्या घटकेस आपल्या हातांनी करावयाचे आहे: त्वचेवर पाणी पोहोचवावयाचे आणि ते उडवून द्यावयाचे.

श्रोतेहो, विज्ञानाचे नियम पुस्तकात सापडतात, परंतु त्यांची खरी परीक्षा मेच्या दुपारी रस्त्याच्या कडेला होते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, एवढे एकच वाक्य आज आपण येथून घेऊन जावे. ते मुलाबाळांना सांगावे, शेतावरील गड्यास सांगावे, बांधकामावरच्या मुकादमास सांगावे. ते ज्याच्या ध्यानात राहील, त्याच्या हातून एखाद्या दिवशी एक जीव वाचण्याचा संभव आहे.